भिंतीतलं लाकूड

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर 'फेरी झाली, छान झाली' एवढंच बोललो, कारण शेजारी ठेकेदारकाका बसले होते आणि सांगायचं होतं ते त्यांच्याबद्दलच.

सकाळी आठला कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघालो. अहमदाबादची महापालिका १९९७ पासून ही वारसा फेरी चालवते. सुरुवात मंदिरात, शेवट जामा मशिदीपाशी. १४११ साली अहमदशहाने शहर वसवलं, २०१७ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं, असं गाइड मुलगी चालता चालता सांगत होती. १७५८ पासून जवळपास साठ वर्षं पेशवे आणि गायकवाडांची इथे निम्मी-निम्मी सत्ता होती, ही भर मी मागून घातली. काका म्हणाले, "म्हणजे भागीदारी. भांडणं झाली असणारच."

पोळ म्हणजे एका दरवाज्याआत दाटीने वसलेली वस्ती. आत शिरलं की रस्त्याचा गोंगाट मागे राहतो. चौकात खांबावर चबुतरा, पाखरांना दाणे टाकायला. कवी दलपतरामांच्या घराची आता फक्त दर्शनी बाजू नव्याने उभारलेली आहे आणि ओट्यावर त्यांचा पुतळा बसलेला आहे. काकांचा गुडघा कुरकुरायला लागला होता, ते कवींना खेटूनच बसले. मागे घरच नाही म्हटल्यावर, "नुसतंच एलिव्हेशन!" म्हणून खो खो हसले.

पुढच्या एका पोळीत (पोळ या शब्दाचं असं रूप करताना मला अजून भूक लागते) एका घराचा गिलावा पडला होता. विटांचे काही थर, मग आडवं लाकूड, परत विटा. काका तिथेच खिळले. चष्मा कपाळावर चढवला, लाकूड बोटाने ठोकलं, नखाने खरवडलं. कीड सापडेना. तीस वर्षं या माणसाने वाडे पाडून आरसीसी उभं केलं, 'लाकूड म्हणजे वाळवीला जेवण' हे गिऱ्हाइकांना ऐकवलं. इथे मात्र बराच वेळ गप्प.

समोरच्या ओट्यावर भाजी निवडणाऱ्या आजींना वाटलं, आम्ही घर विकत घ्यायला आलोय. तसं काही नाही हे कळल्यावर उलट खूश झाल्या आणि आत घेऊन गेल्या. चौकातलं पितळी झाकण उचलून खालचं टाकं दाखवलं. छपरावरचं पावसाचं पाणी नळीने थेट त्यात उतरतं. पहिल्या पावसाचं मात्र सोडून द्यायचं, छप्पर धुऊन निघेपर्यंत. माझी नजर टाक्यात, काकांची भिंतीवर. त्यांनी विचारलं, "२००१ च्या सव्वीस जानेवारीच्या भूकंपात काय झालं इथे?" आजी म्हणाल्या, घर करकरलं, माती पडली, पण उभं राहिलं. त्याच सकाळी याच शहरात आरसीसीच्या इमारती कोसळल्या होत्या. ते काकांना कुणी सांगायला नको होतं.

बाहेर आल्यावर तेच मला समजावायला लागले: लाकूड विटांना बांधून धरतं, हादरा बसला तर भिंत थोडी हलते, पण सुटत नाही. मी 'आणि वाळवी?' विचारणार होतो, आवरलं.

आमचा गट तोवर दिसेनासा झाला होता. एका मुलाने बोट दाखवलं त्या बोळात शिरलो. कुणाच्या तरी न्हाणीघरात जाऊन पोचणार असं वाटत असतानाच दुसऱ्या पोळीत निघालो. जामा मशिदीत पोचेपर्यंत गाइडचं बोलणं संपत आलं होतं. १४२४ सालची मशीद, २६० खांब. काका मोजायला लागले, चाळिसाच्या पुढे चुकले, पुन्हा पहिल्यापासून सुरू.

सोबत भिंतीचा फोटो पाठवतोय. त्यात काकांचा पंजा आलाय, त्या मापाने दोन लाकडांमधलं अंतर काढता येतं का बघ, आणि ते अंतर कशावरून ठरवत असतील तेही कळव. त्यांनीच विचारायला सांगितलंय. 'पण पोराला माझं नाव सांगायचं नाही' अशी अट घातलीय, तेव्हा उत्तर माझ्या नावाने लिही.

तुझा,
बाबा