हळदीच्या पेढीवरच्या माझ्या माणसांना

सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर बिलिंगला लागून मला परवा दोन महिने झाले. नावं छापलेली तुम्हाला आवडणार नाहीत, म्हणून नावं न घेता मनापासून आभार मानते.

पहिल्या आठवड्यात परराज्यात जाणाऱ्या ट्रकच्या ई-वे बिलात, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या ऑनलाइन वाहतूक-पत्रात, मी गाडीचा नंबर चुकीचा टाकला. पन्नास हजारांवरचा माल, पोती भरून झालेली, ड्रायव्हर दारात उभा. माझे हात थरथरत होते. शेजारच्या टेबलावरच्या ताई खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "घाबरू नको, बिल रद्द करायचं नाही. पार्ट बी उघड, तिथं गाडी बदलता येते." माऊस मात्र माझ्याच हातात ठेवला. त्या बिलाची मुदत किती, तेही तेव्हाच सांगितलं: दर २०० किलोमीटरला एक दिवस. कॉलेजात वाणिज्य शिकले, पण हे त्या दहा मिनिटांत कळलं.

हमालमामांनी हळकुंड मोडून आतला केशरी रंग दाखवला, हळदीच्या कंदातला गड्डा कुठला नि अंगठा कुठला ते समजावलं. त्याशिवाय सौदापट्टीवरचे, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदावरचे, शब्द मला नुसते शब्दच राहिले असते.

आणि तासगावच्या संध्याकाळच्या एसटीचे कंडक्टरदादा! मार्चअखेरीला उशीर झाला तेव्हा धावत येणारी मी दिसले आणि तुम्ही डबल बेल दिली नाहीत. आईला अजून ते सांगते.

ताई, तुमचा डबा माझ्याकडेच राहिलाय. सोमवारी भरून आणते.