चेलो कोणी वाजवला, ते विचारा

महोदय,

हौशी नाट्यस्पर्धांमध्ये पार्श्वसंगीतासाठी संगणकावरची वाद्ये वापरायला मनाई करावी, अशी सूचना एका वाचकांनी या सदरातून केली आहे. त्यामागची कळकळ मला पटते. मी नौपाड्यात व्हायोलिन शिकवते आणि नाटकांना, बालनाट्यांना पार्श्वसंगीत देते. विंगेत सतरंजीवर बसून नाटकाबरोबर वाजवणारे वादक मी पाहिले आहेत. आता त्या जागी बहुतेक वेळा एक लॅपटॉप असतो आणि क्यू आला की कोणीतरी बटण दाबतो. याचे दुःख मलाही आहे. तरीही सरसकट मनाई नको असे मला वाटते, कारण ‘संगणकावरचे वाद्य’ या एका नावाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी येतात आणि त्यांतल्या एकीला वादकाशिवाय वाचाच फुटत नाही.

पहिली गोष्ट सॅम्पल लायब्ररी. खऱ्या वादकाला स्टुडिओत बसवून त्याच्या वाद्याचा एकेक स्वर हळू, मध्यम, जोरात असा वेगवेगळा मुद्रित करायचा. लांब गज, तुटक गज, बोटाने छेडलेली तार, सगळे स्वतंत्र. मग कीबोर्डची पट्टी दाबली की ते तयार रेकॉर्डिंग वाजते. कल्पना जुनी आहे. १९६३ च्या मेलोट्रॉनमध्ये प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा असे आणि तो साधारण आठ सेकंदांत संपे. आता टेपच्या जागी शेकडो गिगाबाइटचा साठा आला. २०१९ मध्ये बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्राची अशी लायब्ररी निघाली. त्यासाठी ते वादक लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओत वाजवताना मुद्रित केले गेले. तिथल्या व्हायोलिनांच्या ताफ्याने एक लांब स्वर धरला की अंगावर काटा येतो. माणसे खरी, खोली खरी, लाकूड खरे. ताफ्यासाठी मी आजही लायब्ररीच वापरते.

अडते ते एकट्या वाद्याची ओळ वाजवताना. दरबारी रागातला कोमल गंधार घ्या. तो एका जागी उभा राहत नाही, रिषभाच्या अंगाने सावकाश झुलतो. लायब्ररीत गंधार असतो, रिषभ असतो, चांगल्या लायब्ररीत एका स्वरातून दुसऱ्यात जातानाचा जोडही मुद्रित केलेला असतो. पण तो जोड त्या परदेशी वादकाने त्या दिवशी जेवढ्या वेळात घेतला तेवढ्याच वेळाचा. पिच व्हील, म्हणजे स्वर वरखाली वाकवायचे कीबोर्डवरचे चाक, फिरवून स्वर ओढावा, तर बहुधा रेकॉर्डिंगच ताणले जाते. आवाजाचा पोत बिघडतो आणि मूळ वादकाच्या बोटाचा कंप त्यात असेल तर त्याचीही लय बदलते. हळू आवाजातून मोठ्यात जाताना एक रेकॉर्डिंग मावळते, दुसरे उगवते आणि मधल्या क्षणी एकाऐवजी दोन व्हायोलिने ऐकू येतात. ताफ्यात हे खपून जाते. एकट्या व्हायोलिनवर कान लगेच पकडतो. मग ते झाकण्यासाठी संगणकाच्या पडद्यावर माउसने आवाजाच्या चढउताराच्या रेघा ओढत बसायचे. एका ओळीपायी रात्र जाते आणि इतके करून ती ओळ वाजवल्यासारखी वाटत नाही.

दुसरी गोष्ट वाद्याचे गणिती मॉडेल. यात स्वर साठवलेले नसतातच, किंवा असले तर केवळ कच्चा माल म्हणून असतात. गज तारेला कसा पकडतो आणि सोडतो, नळीतली हवा कशी मागेपुढे होते, याचे गणित संगणक त्याच क्षणी सोडवतो आणि त्यातून आवाज घडतो. केव्हिन कार्प्लस आणि अ‍ॅलेक्स स्ट्राँग यांनी १९८३ मध्ये छेडलेल्या तारेसाठी अशी एक साधीशी युक्ती प्रसिद्ध केली. पुढे स्टॅनफर्डच्या ज्युलियस स्मिथ यांनी हे गणित खूप पुढे नेले आणि १९९४ मध्ये यामाहाचे व्हीएल-१ हे असे कीबोर्ड-वाद्य बाजारात आले. त्यात एका वेळी दोनच स्वर वाजत आणि ते फुंकेच्या नळीनेही वाजवता येई. आज ऑडिओ मॉडेलिंग या इटालियन कंपनीची ‘स्वॅम’ वाद्ये लॅपटॉपवर चालतात.

माझ्याकडे व्हायोलिन आहे, चेलो (व्हायोलिनच्याच घराण्यातले मोठे, खर्जातले वाद्य) नाही, आणि आमच्या नाटकांच्या खर्चात चेलोवादक बसत नाही. म्हणून अशा मॉडेलवर मी चेलो असा वाजवते: पायाखाली एक्स्प्रेशन पेडल, तो माझा गज. पेडल शून्यावर असेल तर पट्टी कितीही दाबा, आवाज येत नाही. डाव्या हाताशी व्हीलवर बोटाचा कंप, शेजारच्या स्लायडरवर गजाचा दाब. दाब फार वाढवला तर आवाज खरखरतो, अगदी माझे नवे विद्यार्थी खऱ्या व्हायोलिनवर काढतात तसा. आधीची पट्टी धरून ठेवून पुढची अलगद दाबली की मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणे, सावकाश येते, जोरात दाबली की झटकन येते. मिडीच्या, म्हणजे कीबोर्ड-पेडल आणि संगणक एकमेकांशी ज्या संकेतांनी बोलतात त्यांच्या, भाषेत पेडलच्या हालचालीला १२८ पायऱ्या असतात, पण स्वर वाकवायला १६,३८४. आपल्या मींडेला ही गोष्ट फार सोयीची आहे. हे सगळे एकाच वेळी सांभाळायला रियाज लागतो. कोणी नवखा माझ्या जागी बसला तर त्याच्या हातून त्या वाद्याचा एक धड स्वर निघणार नाही.

कळव्याचा एक बासरीवादक माझ्याबरोबर असतो. त्याला मी ब्रेथ कंट्रोलर दिला. तोंडात नळी धरून फुंकायचे, फुंकेच्या दाबावर आवाज लहानमोठा होतो. एका बालनाट्यात त्याने त्यावर क्लॅरिनेट वाजवले. फुंक कुठे भरायची, स्वर संपताना आवाज कसा आत ओढून घ्यायचा, हे त्याच्याकडे बासरीतून आलेले होते आणि ते तसेच्या तसे क्लॅरिनेटमध्ये उतरले. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहातल्या प्रयोगात आजोबांच्या मरणाचे वाक्य बोलण्याआधी छोटी मुलगी थबकली, नेहमीपेक्षा बराच वेळ. याने विंगेतून तिच्याकडे बघत स्वर तसाच धरून ठेवला, बारीक करत नेला आणि तिचे वाक्य आले तेव्हा सोडला. प्रेक्षागृहात कोणाला काही वेगळे घडल्याचे कळले नाही. पेनड्राइव्हवरचा ट्रॅक तिथे पुढे निघून गेला असता. पत्रलेखक वाचकांना जी गोष्ट हरवल्याचे वाईट वाटते आहे, ती त्या संध्याकाळी विंगेत हजर होती. त्यांच्या नियमाने मात्र तो बासरीवादकच बाहेर गेला असता.

हार्मोनियमचे उदाहरण आपल्याकडे आहेच. तिला मींड येत नाही, तिचे सूर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत, म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली. ती शिथिल व्हायला १९७१ उजाडले, तेही अंशतः. गोविंदराव टेंबे तीच पेटी गायकी अंगाने वाजवून त्याच्या कितीतरी आधी गाजले होते. तेव्हा पेटी बघितली गेली, वाजवणारा बघितला गेला नाही. आणि या नव्या वाद्यांना तर मींड येते.

या वाद्यांत उणे नाही असे नाही. एकच लांब स्वर धरून तुलना केली तर लायब्ररीचा चेलो अधिक गोड लागतो. मॉडेलचा आवाज कोरडा असतो, त्याला खोलीची गुंज बाहेरून द्यावी लागते, आणि व्हायोलिनच्या वरच्या सप्तकात तो अजून थोडा नाकात बोलतो. खरा चेलोवादक मिळत असेल आणि त्याला बिदागी देता येत असेल, तर मी हे सगळे गुंडाळून ठेवीन.

म्हणून आयोजकांना माझी विनंती अशी: प्रवेशअर्जात पार्श्वसंगीतापुढे प्रत्येक वाद्य प्रत्यक्ष कोण वाजवणार, त्याचे नाव मागावे. आधी तयार करून आणलेला ट्रॅक असेल तर तसे लिहून घ्यावे आणि पार्श्वसंगीताच्या गुणांत तो फरक दिसू द्यावा. प्रयोगात जो फुंकतो, पेडल चालवतो, त्याला वादक म्हणावे, जाहिरातीत त्याचे नाव छापावे आणि विंगेत रंगमंच दिसेल अशी जागा द्यावी. संगीतशिक्षकांनीही बासरी, व्हायोलिन शिकणाऱ्या मुलांच्या हाती एखादा ब्रेथ कंट्रोलर, एखादे पेडल द्यावे. त्यांचा रियाज इथे वाया जात नाही. नियम ठरवण्याआधी परीक्षकांना दोन्ही प्रकार शेजारी शेजारी ऐकायचे असतील, तर आम्ही दोघे आमचे साहित्य घेऊन ठाण्यात किंवा वाशीत, ते सांगतील तिथे येऊ.

आपली,
एक व्हायोलिनशिक्षिका, नौपाडा, ठाणे (पश्चिम)