दादाच्या दारूबद्दल

प्रिय सुधीर,

'आधी दादाची दारू सुटू दे, मग डोक्याच्या डॉक्टरचं बघू' असं घरात ठरल्याचं तू कळवलंस. मला ते अजिबात पटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

दादा रात्री उठून कडी तपासतो, हॉटेलात भिंतीला पाठ लावूनच बसतो, दिवाळीत फटाके वाजायला लागले की मळ्यात निघून जातो. हे सगळं पीटीएसडीकडे, म्हणजे युद्धासारख्या भयंकर अनुभवानंतर मनावर राहणाऱ्या आघाताच्या आजाराकडे, बोट दाखवतं. इथे अमेरिकेत माझ्याकडे उपचाराला दादासारखे माजी सैनिकच येतात, पण नुसता पीटीएसडी घेऊन आलेला क्वचितच. कुणाला जोडीला नैराश्य, कुणाला घाबरण्याचे झटके आणि बऱ्याच जणांना दारू. व्हिएतनामहून परतलेल्यांची १९८० च्या दशकात देशभर मोठी पाहणी झाली होती. तीत पीटीएसडी झालेल्या पुरुषांपैकी चारातले जवळजवळ तीन जण कधी ना कधी दारूच्या आहारी गेलेले निघाले.

कारण साधं आहे रे. कँटीनची रम घेतली की डोळा लागतो. उतरायला लागली की पहाटे झोप मोडते आणि दबलेली स्वप्नं उसळून येतात. त्या धास्तीनं दुसऱ्या रात्री पेग वाढतो. वहिनी म्हणतात ना, 'पेन्शनीवर आल्यापासून यांचं कशातच मन नाही'? त्याला आळस म्हणू नका, ते नैराश्य असू शकतं.

पूर्वी इथेही 'दारू सोडून मग ये' म्हणून माणसाला परत पाठवायचे. आता इथल्या माजी सैनिक खात्याच्या मार्गदर्शक सूचनाच सांगतात की व्यसन आहे म्हणून पीटीएसडीचे उपचार अडवू नका. दोन्ही एकत्र करता येतात.

म्हणून ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकमधून मनोविकारतज्ज्ञाकडे रेफर करून घे. स्वप्नं, कडी, दारू, सगळं एकाच वेळी सांग. दादा तयार होईपर्यंत टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर तू स्वतः बोल, मराठीत बोलता येतं. शपथ घालून एका दिवसात दारू तोडायला मात्र लावू नका. इतक्या वर्षांची सवय एकदम तुटली तर फिट येऊ शकते, जिवावर बेततं. मेडिकलवाल्याकडून झोपेच्या गोळ्याही नकोत. दारूवर त्या घेतल्या तर श्वास मंदावतो.

आणि बँकेच्या ड्यूटीची बंदूक दादा घरी आणतो का? आणत असेल तर ती आजच दुसरीकडे ठेवायची सोय कर. नैराश्य आणि दारू एकत्र असताना ती घरात नको. रेफरची चिठ्ठी मिळाली की तिचा फोटो पाठव, डॉक्टरांना काय विचारायचं ते आपण फोनवर ठरवू.

तुझा,
विनय