छातीच्या मुक्या माराचे गुण केस पेपरवर हवेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दुचाकीवरून पडलेले सत्तरीचे आजोबा आपल्या पायांनी कॅज्युअल्टीत येतात. रक्त कुठेच नसतं, एक्स-रेत दोन बरगड्या मोडलेल्या दिसतात. ‘मुका मार आहे, छातीला पट्टा बांधा, गोळ्या घ्या’ म्हणून त्यांना घरी पाठवलं जातं. दुखतं म्हणून ते खोल श्वास घेत नाहीत, खोकत नाहीत. कफ साचतो आणि चार दिवसांनी धाप लागून परत येतात. सरकारी नोकरीत असे रुग्ण मी पुष्कळ पाहिले, आणि त्यांतले सगळे घरी गेले नाहीत.

सिएटलच्या हार्बरव्ह्यू रुग्णालयातला २००० सालचा अभ्यास सांगतो की, पासष्टीपुढच्या रुग्णांत प्रत्येक जादा मोडलेल्या बरगडीमागे मृत्यूचा धोका १९ टक्क्यांनी आणि न्यूमोनियाचा २७ टक्क्यांनी वाढला. म्हणजे वय आणि बरगड्या या दोनच गोष्टी नीट पाहिल्या, तरी आजोबांना ठेवून घ्यायचं की नाही हे बरंचसं ठरतं.

मार किती गंभीर आहे ते गुणांत मोजण्याच्या पद्धती बऱ्याच आहेत. जर्मन डॉक्टरांनी मांडलेला थोरॅसिक ट्रॉमा सिव्हिरिटी स्कोअर वय, बरगड्या, फुप्फुसाचा मार, फुप्फुसाच्या आवरणातली इजा आणि रक्तातला ऑक्सिजन पाहून २५पैकी गुण देतो. चांगला आहे, पण रक्तातल्या वायूंची तपासणी ग्रामीण रुग्णालयात कुठून आणायची? १९७४पासूनचा इंज्युरी सिव्हिरिटी स्कोअर शरीराच्या एकेका भागातली सर्वांत गंभीर अशी एकच इजा धरतो. बरगड्या आणि फुप्फुस दोन्हींना मार असला, तरी छातीची इजा एकच. आणि तोही सगळ्या तपासण्या झाल्यावर कळणार.

माझा आग्रह अमेरिकेत वापरात असलेल्या एका साध्या तक्त्यासाठी आहे. वेदना कमी असण्याला ३, श्वास किती खोल ओढता येतो त्याला ४, खोकल्याच्या जोराला ३, असे एकूण १० गुण; गुण जास्त तितका रुग्ण बरा. लागतं फक्त प्लास्टिकचं स्वस्त स्पायरोमीटर, म्हणजे किती श्वास ओढला ते दाखवणारं साधन. हे काम सिस्टर करू शकते, दर पाळीला करू शकते, आणि वारंवार करणंच महत्त्वाचं आहे. कारण फुप्फुसाचा मार पहिल्या एक-दोन दिवसांत वाढत जातो. सकाळी ८ असलेले गुण रात्री ५ झाले, तर डॉक्टरांना लगेच बोलवायचं.

शिवाय श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. केस पेपरवर रुग्णामागून रुग्ण ‘२०’ लिहिलेलं मी पाहिलं आहे; तो अंदाज असतो. १०८मधून पुढे पाठवताना चिठ्ठीवर ‘छातीला मार’ एवढंच न लिहिता गुण आणि वेळ लिहिली, तर पुढच्या डॉक्टरांना रुग्ण सावरतोय की खालावतोय ते कळेल.

आरोग्य विभागाने हा तक्ता अपघाताच्या केस पेपरवरच छापावा आणि खोल श्वास अडवणारा पट्टा छातीला आवळून बांधणं बंद करण्याची लेखी सूचना प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त अधिपरिचारिका, जि. सातारा