इंग्रजी यमक कानाने जुळवावे

महोदय,

फोंड्यातील एका शालेय इंग्रजी काव्यलेखन स्पर्धेत अलीकडे श्रोता म्हणून बसलो असता, ‘लव्ह’ या शब्दाला ‘मूव्ह’ आणि ‘ड्रोव्ह’ जोडणाऱ्या मुलीचे अचूक यमकाबद्दल कौतुक झाले, तर ‘लव्ह’ला ‘इनफ’ जुळवणाऱ्या मुलाला यमक चुकल्याचे सांगण्यात आले. मला हा न्याय उलटा वाटला.

पूर्ण यमकासाठी आघात असलेला स्वर आणि त्यापुढचे सारे ध्वनी सारखे असावे लागतात. या कसोटीला ‘डव्ह’, ‘ग्लव्ह’, ‘शव्ह’ आणि ‘अबव्ह’ उतरतात. त्यापलीकडे नित्याच्या वापरातले शब्द फारसे उरत नाहीत. ‘मूव्ह’ व ‘ड्रोव्ह’ यांचे साम्य केवळ स्पेलिंगचे आहे. उलट ‘इनफ’, ‘रफ’, ‘टफ’ यांत स्वर तोच असून शेवटचे व्यंजन तेवढे घोष (कंठात कंप होणारे, ‘व्ह’) न राहता अघोष (कंप नसलेले, ‘फ’) होते, म्हणून ती जवळची यमके ठरतात. ‘कम’ आणि ‘सन’ही स्वराने जुळतात, पण व्यंजन आणखी दूर जाते.

जुन्या हस्तलिखितांत ‘यू’ आणि ‘व्ही’ शेजारी आले की वाचताना घोटाळा होई, म्हणून ‘यू’च्या जागी ‘ओ’ लिहिण्याची रीत पडली, असे मानले जाते. डोळ्यांची फसगत तिथूनच सुरू होते. ओवी-अभंगांवर वाढलेल्या आपल्या कानाला ती व्हायला नको. शंका आल्यास शब्द देवनागरीत लिहून पाहावेत, ‘लव्ह’ आणि ‘मूव्ह’ यांतला फरक लगेच दिसतो.

आपला,
एक वाचक, फोंडा, गोवा