बापूंचा डबा पुन्हा बोलला

आर्वीजवळून,
कपाशीचा दुसरा वेचा चालू

प्रिय गड्या,

परवा फोनवर विचारलंस, "बापूंच्या त्या डब्याचं काय केलं बे?" दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो.

तो लाकडी पेटीतला स्टिरिओ प्रीअँप, म्हणजे बारीक सिग्नल वाढवून अँप्लिफायरला देणारा डबा, कोठीमागे वर्षानुवर्षं पडून होता. उघडला तर आत उंदरांनी सरकी साठवलेली! नवा टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड फिरवणारी तबकडी, जोडला, तर आवाज आला डासासारखा. बेसचा पत्ताच नाही. वाटलं, डबा गेला.

गेला नव्हता. त्याचं 'पिकअप' इनपुट जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजसाठी आहे (कार्ट्रिज म्हणजे सुईची थरथर विजेत बदलणारा भाग). ते कार्ट्रिज शेकडो मिलिव्होल्ट देतं, लोड, म्हणजे इनपुटचा रोध, मागतं दहा लाख ओहमच्या आसपास. माझ्या नव्या टर्नटेबलच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचे जेमतेम ५ मिलिव्होल्ट, लोड ४७ किलोओहम. शिवाय रेकॉर्ड कापतानाच बेस दाबतात, नाहीतर खाचा एकमेकींत घुसतील, आणि ट्रेबल चढवतात, म्हणजे वाजवताना खरखर दबते. वाजवताना हे उलटं करावं लागतं. १९५४ च्या सुमारास रूढ झालेला आरआयएए कर्व्ह तो हाच: १ किलोहर्ट्झच्या मानाने २० हर्ट्झ सुमारे १९ डेसिबल वर, २० किलोहर्ट्झ जवळपास तेवढाच खाली. सिरॅमिक कार्ट्रिज बरंचसं काम स्वतःच उरकतं, म्हणून बापूंच्या डब्यात ही सोयच नाही.

एक मेकॅनिक म्हणाला, आतलं सगळं काढून नवीन टाकू. मग बापूंचं काय उरलं, लाकूड? मी सिग्नल वाढवून हा कर्व्ह लावणारा, एनई५५३२ आयसीचा छोटा बोर्ड केला, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवला आणि त्याची वायर जुन्याच्या 'ऑक्स' या साध्या इनपुटमध्ये घातली. बापूंच्या डब्यात फक्त वाळलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलले, तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, व्होल्टेज कमी न करता. एक भोक पाडलं नाही.

मग सुरू झाली ५० हर्ट्झची घूंऽऽ. दोन संध्याकाळी ट्रान्सफॉर्मर इकडे ठेव, तिकडे ठेव. शेवटी कळलं, टोनआर्मची, म्हणजे सुईच्या दांडीची, हिरवी अर्थची वायर मी आवळलीच नव्हती! हसू नकोस लेका.

रात्री थ्री-फेज आली, मोटर लावायला उठलो, तेव्हाच ती वायर आवळली आणि बापूंची आवडती एलपी लावली. आई उठून बाजेवर बसली. काही बोलली नाही, पण दुसरी बाजूही लावायला सांगितली.

संक्रांतीला ये. तुझ्याकडची खरखरणारी एलपी आण, धुऊन देतो. आणि सीताबर्डीवर पाच पिनचा डिन प्लग मिळाला तर घेऊन ये. टेप जोडायचा तसलाच जुना प्लग डाग देताना मी वितळवला.

तुझाच,
शेजारच्या बाकावरचा