साक्षीच्या कागदावर प्रश्नही येऊ द्या

संपादक महोदय,

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या न्यायमंदिरात, म्हणजे जिल्हा न्यायालयात, लघुलेखिका म्हणून माझी सगळी नोकरी झाली. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश डिक्टेट करतात, आम्ही टाइप करतो. या पद्धतीत बहुतेक वेळा प्रश्न कागदावर येतच नाही. येतं ते फक्त उत्तर, आणि तेही साक्षीदारानं आपणहून सलग सांगितल्यासारखं. मोठ्या माणसाचं एक वेळ निभतं, पण लेकरांच्या साक्षीत यानं फार नुकसान होतं.

एका खटल्यात उमरेडकडची आठ-नऊ वर्षांची मुलगी साक्षीला आली होती. उलटतपासात वकिलांनी विचारलं, “काकाच्या हातात काठी होती की कुऱ्हाड?” ती म्हणाली, “मले नाई माहीत.” पुन्हा तोच प्रश्न. “नाई माहीत.” तिसऱ्यांदा वकिलांचा आवाज चढला, तेव्हा तिनं फ्रॉकची किनार मुठीत धरली, आईकडे पाहिलं आणि पुटपुटली, “काठी.” मी टाइप केलं: ‘काकाच्या हातात काठी होती.’ आधीचे दोन्ही नकार कुठेच उमटले नाहीत. पोलिसांपुढच्या जबाबात कुऱ्हाड होती. झालं, कॉन्ट्रॅडिक्शन, म्हणजे आधीच्या जबाबाशी विसंगती! युक्तिवादाच्या वेळी तीच मुलगी ‘पढवलेली साक्षीदार’ ठरवली गेली.

मानसशास्त्राला यात नवल वाटणार नाही. मोठ्या माणसानं तोच प्रश्न पुन्हा विचारला की मुलाला वाटतं, आपलं उत्तर चुकलं. शाळेत तसंच असतं ना, उत्तर बरोबर आलं की बाई पुढे जातात. आणि ‘हे की ते’ असं विचारलं तर मूल दोन्हींपैकी एक उचलतं.

मोठ्यांचीही आठवण प्रश्नानं बदलते. अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 1974 साली लोकांना मोटार अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या ‘धडकल्या’ तेव्हा वेग किती होता. काहींना विचारलं, गाड्या ‘जोरात आदळल्या’ तेव्हा किती होता. आठवड्यानं विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या का? फिल्ममध्ये काचा नव्हत्याच. तरी ‘जोरात आदळल्या’ ऐकलेल्या 50 पैकी 16 जण हो म्हणाले, ‘धडकल्या’ ऐकलेल्या 50 पैकी 7. म्हणजे प्रश्न कसा होता हे कळल्याशिवाय उत्तराचं वजन ठरवता येत नाही. आणि आपल्या कागदावरून नेमका तोच गायब असतो. अपील झालं की वरच्या कोर्टापुढे मुलगी नसते, तिची मूठ नसते, असतो तो एवढाच कागद.

मुलांना कसं विचारावं, याचा विचार कायद्यानं केला आहे. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठी असलेल्या पोक्सो कायद्याच्या कलम 33 प्रमाणे वकिलांनी प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे आणि न्यायाधीशांनी ते मुलाला विचारायचे; आक्रमक प्रश्नांना मनाई आहे. 11 जानेवारी 2022 ला सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात असुरक्षित साक्षीदारांची, म्हणजे मुलांसारख्या, कोर्टात सहज दबून जाणाऱ्या साक्षीदारांची, व्याख्या रुंदावली आणि त्यांच्यासाठी वेगळी साक्ष केंद्रं उभारायला सांगितलं. खोल्या झाल्या, पडदे आले, खेळणी आली तरी साक्ष उतरवायची रीत जुनीच राहिली, तर त्या लेकराला न्याय कसा मिळणार?

त्यासाठी नवा कायदाही नको. सत्र न्यायालयात साक्ष सर्वसाधारणपणे सलग निवेदनाच्या रूपात घ्यावी, पण न्यायाधीशांना वाटल्यास कोणताही भाग प्रश्नोत्तर रूपात घेता येईल, असं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 276 मध्ये होतं आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 311 मध्येही आहे. हा अधिकार वापरला जातो, पण क्वचितच.

वेळ लागेल, हे मी नाकारत नाही. बोर्डावर, म्हणजे दिवसाच्या कामाच्या यादीत, किती मॅटर असतात हे मला सांगायला नको. पण उलटतपासातली कळीची वीस-पंचवीस वाक्यं प्रश्नासकट टाइप करायला लागणारा वेळ मला माहीत आहे, आणि तो फार नाही. किमान प्रश्न पुन्हा विचारला गेला असेल, किंवा त्यात दोनच पर्याय दिले असतील, तर तेवढा भाग जसाच्या तसा उतरवावा. ‘माहीत नाही’ हे उत्तरही उतरवावं. उच्च न्यायालयानं तसं परिपत्रक काढावं आणि उत्तनच्या न्यायिक अकादमीतल्या न्यायाधीशांच्या प्रशिक्षणात हा विषय मानसशास्त्राच्या जाणकारांकडून शिकवला जावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

एक निवृत्त लघुलेखिका,
महाल, नागपूर